बुरशीचे व्हायरस: कवच असलेले, नसलेले आणि उसन्या कवचात राहणारे

तंतुमय

इथल्याच सिंहगडावरच्या अळिंबीबद्दलच्या चर्चेच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'बुरशीला स्वतःला काही आजार होतात का हो?' उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. तिथे खायची कुठली आणि न खायची कुठली यावर हाणामारी चालू होती, म्हणून वेगळा धागा काढते. मी पुण्यातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते.

तर बुरशीला व्हायरस होतात आणि भरपूर होतात. कळलं मात्र उशिरा. 1948 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ला फ्रान्स आडनावाच्या भावांच्या फार्मवर बटण मशरूमचं पीक बिघडायला लागलं. दांडा लांबुडका, टोपी एवढीशी, बेडवर मधेच मोकळे पट्टे. कारण सापडेना, म्हणून रोगाला त्या भावांचंच नाव पडलं. 1962 मध्ये इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज यांनी अशा रोगट मशरूममधले व्हायरसचे कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवले. 25 आणि 29 नॅनोमीटरचे गोल, आणि 19 बाय 50 चे लांबट. बुरशीच्या व्हायरसचा अभ्यास तिथून सुरू झाला.

मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ती गोष्ट पुढे आहे. फ्लूच्या व्हायरसला एका माणसातून निघून हवेतून दुसऱ्याच्या घशात पोचायचं असतं. त्यासाठी त्याला कवच लागतं, पेशीला चिकटायची सोय लागते, आत शिरायची युक्ती लागते. बुरशीच्या बहुतेक व्हायरसना हा प्रवासच नाही. जातभाई बुरशीचे तंतू भेटले की एकमेकांत जुळतात, पेशीरस इकडून तिकडे वाहतो, त्याबरोबर व्हायरसही जातो. नाहीतर बीजाणूत बसून पुढच्या पिढीत. बाहेरून शिरायचं म्हटलं तरी पेशीभोवतीची कायटिनची टणक भिंत आडवी येते. म्हणजे हे व्हायरस जन्मभर पेशीच्या आतच. बाहेर पडायचंच नसेल तर काय काय टाकून देता येईल, याची सगळी उत्तरं या गटात बघायला मिळतात.

कवचवाल्यांपासून सुरुवात करू. ब्रेड फुगवणाऱ्या यीस्टमध्ये एल-ए नावाचा व्हायरस असतो. जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, दुपदरी आरएनएचा, साधारण 4.6 किलोबेसचा (म्हणजे 4,600 अक्षरांचा), आणि प्रथिनं मोजून दोन. कवच एकाच प्रथिनाच्या 120 प्रतींचं, पण त्या जोडी-जोडीने बसतात, म्हणजे 60 जोड्या. रोटाव्हायरसच्या सगळ्यात आतल्या थराची बांधणीही अशीच 60 जोड्यांची आहे. लहान बाळांना रोटाची लस देतो तो हाच रोटा. रचनेवरून नातं असं कुठच्या कुठे पोचतं.

हे कवच उघडतच नाही. दुपदरी आरएनए आतच राहतो, आतल्या आत त्याच्या एकपदरी नकला निघतात आणि कवचातल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. लागणारे न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचे सुटे घटक, त्याच छिद्रांतून आत येतात. यामागे कारण आहे. दुपदरी आरएनए मोकळा दिसला की बऱ्याच पेशी सावध होतात आणि त्याचे तुकडे करतात. म्हणून इथे कवच प्रवासासाठी नाही, लपण्यासाठी आहे.

कवच नसलेल्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात. जेवायला उठते.

मावळचा_भात

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेठी_शंका

धागा चांगला आहे, पण एक शंका. कवच नाही, बाहेर पडत नाही, एका पेशीतून दुसरीत स्वतःहून शिरत नाही. मग त्याला व्हायरस का म्हणायचं? उद्या कुणीही आरएनएचा तुकडा उचलून व्हायरस म्हणेल.

तंतुमय

शंका रास्त आहे, आणि ही शंका तज्ज्ञांनीही घेतलेली आहे. उत्तर वंशावळीत मिळतं. आरएनएपासून आरएनए बनवणारं एक एन्झाइम असतं, पॉलिमरेज. सगळं टाकून दिलं तरी हे टाकता येत नाही. त्याची रचना ताडून बघितली की कोण कुणाच्या घराण्यातला ते कळतं.

हायपोव्हायरस घ्या. चेस्टनटच्या झाडांना रोग पाडणाऱ्या बुरशीतला, सुमारे 12.7 किलोबेसचा, कवच अजिबात नाही. बुरशीच्याच पडद्यांपासून बनलेल्या पिशव्यांत राहतो. त्याचं पॉलिमरेज वनस्पतींच्या पोटीव्हायरसच्या जवळचं निघतं. पपईवर गोल ठिपके पाडणारा जो रिंगस्पॉट व्हायरस, तो पोटीव्हायरस. तो कवचवाला, हा बिनकवचाचा.

मायटोव्हायरस तर त्याहून पुढे गेलेला. जीनोम दोन ते चार किलोबेसच्या आसपास, प्रथिन एकच, तेच पॉलिमरेज. राहतो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत. त्याचं नातं जुळतं बॅक्टेरियाच्या व्हायरसशी, लेव्हीव्हायरस गटाशी. मायटोकॉन्ड्रिया मुळात पेशीत येऊन राहिलेले बॅक्टेरिया, त्यामुळे त्यांच्याबरोबर त्यांचा व्हायरसही आला असावा असं मानतात. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मोबाइल खाली ठेवतात.

पेठी_शंका

मान्य. 'असावा' हा शब्द वापरलात म्हणून मान्य.

निगडीचे_काका

आमची सगळी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये गेली, फर्मेंटेशनला. पेनिसिलिनच्या टाक्या, चोवीस तास हवा, आणि जंतुसंसर्ग झाला की सगळी बॅच ओतून द्यायची. त्यात बॅक्टेरिया शिरल्याचं ठाऊक आहे. बुरशीलाच व्हायरस, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पेनिसिलिनच्या बुरशीतही असतात का?

तंतुमय

असतात, काका. पेनिसिलियम क्रायसोजेनममध्ये मिळालेल्या व्हायरसवरूनच क्रायसोव्हायरस या घराण्याला नाव पडलं. त्याचा जीनोम चार तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र कवचात. चारही कण एकाच पेशीत असले तरच गाडी पुढे जाते. बाहेर फिरणाऱ्या व्हायरसला हे महागात पडेल, कारण चार कण एकदम एकाच पेशीत कसे पोचणार? याला कुठे पोचायचंच नाही, सगळे आधीपासून घरात.

कवचाची गंमतही आहे. एल-एसारख्या 120 प्रती नाहीत, 60 च आहेत, पण प्रत्येक प्रथिनात जवळजवळ सारखेच दोन भाग एकापुढे एक जोडलेले आहेत. कधीतरी जनुकाची दुबार प्रत होऊन दोन प्रथिनांचं एक झालं असणार.

आणि पेनिसिलिन बनण्यात त्याने मोठा अडथळा येत नाही, म्हणून टाकीवर तुम्हाला जाणवलं नसेल. बुरशीचे बरेचसे व्हायरस असेच मुकाट राहतात.

निगडीचे_काका

चार भावांनी एकाच सोसायटीत चार फ्लॅट घेतल्यासारखं झालं. माहितीबद्दल आभार, ताई.

सुरभी_एमएस्सी

पेनिसिलियमचा विषय निघालाच आहे तर हेलेनिनची गोष्ट सांगते, मला सेमिनारला मिळाली होती. रिचर्ड शोप हे अमेरिकन व्हायरसतज्ज्ञ युद्धकाळात ग्वाम बेटावर होते. पत्नीच्या फोटोच्या आवरणावर बुरशी आली, ती त्यांनी टाकून न देता वाढवली. तिच्या अर्कामुळे उंदरांचं व्हायरसपासून रक्षण होतंय असं दिसलं. पत्नीचं नाव हेलन, म्हणून अर्काला नाव हेलेनिन. 1953 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण अर्कात नेमकं काय आहे ते कळायला 1967 उजाडलं. मर्क या औषध कंपनीतल्या हिलमन यांच्या गटाने दाखवलं की गुण दुपदरी आरएनएचा आहे. त्याच सुमारास स्टॅटोलॉन नावाच्या दुसऱ्या पेनिसिलियमच्या अर्कात व्हायरसचे कण दिसले. म्हणजे औषध बुरशीचं नव्हतंच, बुरशीतल्या व्हायरसचं होतं. त्याच्या आरएनएमुळे उंदराचं शरीर सावध होऊन इंटरफेरॉन हे व्हायरसला अडवणारं प्रथिन बनवत होतं.

तंतुमय

वा सुरभी! मी वर लिहिलं ना, दुपदरी आरएनए मोकळा दिसला की पेशी सावध होतात. त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

मावळचा_भात

आता आमच्या कामाचं. आमच्याकडे इंद्रायणी भात आहे, दरवर्षी करप्याला दोन फवारण्या ठरलेल्या. करपा म्हणजे बुरशीच. जुन्नरकडचे पाहुणे द्राक्षावरच्या भुरीने वैतागलेले. बुरशीला आजारी पाडणारा व्हायरस असेल तर तो बाटलीत भरून मिळत का नाही? कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा मिळतं तसं.

तंतुमय

हा प्रश्न येणार याची वाटच बघत होते.

एकदा निसर्गात हे झालेलं आहे. चेस्टनटचा करपा म्हणा हवं तर. आशियातून गेलेली बुरशी 1904 मध्ये न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर दिसली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतली तीन-चारशे कोटी झाडं गेली. 1938 मध्ये ती इटलीत जेनोआजवळ पोचली. युरोपही जाणार असं सगळे धरून चालले होते. पण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बिरागी यांना इटलीत काही झाडांच्या जखमा आपोआप भरून आलेल्या दिसल्या. पुढे फ्रान्समध्ये ग्रांत यांनी त्या जखमांमधून बुरशी वेगळी केली. नेहमीची बुरशी प्लेटवर नारिंगी वाढते, ही पांढरट निघाली. बीजाणू कमी, जोर कमी. आणि नारिंगीजवळ ठेवली की नारिंगीही पांढरी व्हायची. तोच तो हायपोव्हायरस. फ्रान्समध्ये जखमेच्या कडेने भोकं पाडून त्यात ही अशक्त बुरशी भरायचे, आणि झाडं वाचली.

अमेरिकेत तेच करून पाहिलं, जमलं नाही. तंतू जुळायला दोन्ही बुरशी एका मेळाच्या लागतात. त्यासाठी निदान सहा जनुकं जुळावी लागतात. मेळ बसला नाही तर भेटीच्या जागी दोन्हीकडच्या पेशी मरतात. प्लेट उजेडासमोर धरली तर दोन वसाहतींच्या मधे रेघ स्पष्ट दिसते. व्हायरस त्या रेघेच्या अलीकडेच अडकतो. युरोपात असे मेळाचे गट थोडे, अमेरिकेत पुष्कळ. 2016 मध्ये झांग आणि नस यांनी ती अडवणारी जनुकं बंद करून, जवळजवळ कुणालाही व्हायरस देऊ शकेल अशी बुरशी तयार केली. पण ती प्रयोगशाळेत तयार झालेली बुरशी आहे. ती जंगलात सोडायची म्हणजे नियम, परवानग्या हे सगळं आलं.

भाताच्या करप्याच्या बुरशीतही तिची वाढ खुंटवणारा क्रायसोव्हायरस मिळालेला आहे. पण बाटलीत भरायचं काय? कण पानावर मारले तरी तो तंतूत शिरणार कसा? अडचण इथे आहे. ट्रायकोडर्मा स्वतः जिवंत बुरशी आहे, ती आपली आपण वाढते. त्यामुळे तुमच्या दोन फवारण्या सध्या तरी चुकत नाहीत.

मावळचा_भात

म्हणजे पुन्हा औषधाचंच दुकान. बरं.

सुरभी_एमएस्सी

मॅडम, स्क्लेरोटिनियाचा अपवाद राहिला!

तंतुमय

लिहीतच होते. मोहरीपासून सूर्यफुलापर्यंत शेकडो पिकांना कुजवणारी ही बुरशी. तिच्यात 2010 मध्ये चीनमधल्या संशोधकांना डीएनए व्हायरस मिळाला. बुरशीच्या व्हायरसमध्ये आरएनएवालेच भरमसाट, डीएनएवाला तोवर नव्हताच. छोटासा, एकपदरी, गोल, 2166 न्यूक्लिओटाइडचा, वनस्पतींच्या जेमिनीव्हायरसचा नातलग. आपल्याकडे भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा येतो, तो जेमिनीव्हायरसमुळेच. हा बुरशीतला नातलग शुद्ध करून तंतूंवर टाकला तर बाहेरून आत शिरतो. पानावर फवारून रोग कमी झाल्याचंही 2013 मध्ये दाखवलं. 2016 मध्ये कळलं की लायकोरिएला नावाची बारीक माशी तो स्वतःच्या अंगात घेऊन फिरते. बुरशीच्या व्हायरसला वाहक किडा, हे तोपर्यंत कुणाच्या गावी नव्हतं.

मुळशीची_धिंगरी

आत्ताच धागा पाहिला. आमचं धिंगरीचं (ऑयस्टर मशरूमचं) युनिट आहे, दोन सीझनपासून थोडं बटणही करतोय. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण घेतलं होतं, तिथे व्हायरसचं नाव ओझरतं ऐकलं. या खेपेला बटणाच्या तिसऱ्या तोड्यात हुबेहूब तुम्ही लिहिलंय तसं झालं. दांडे लांब, टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या, दोन क्रेट तर रिकामेच. स्पॉन (मशरूमचं बियाणं) ज्यांच्याकडून आणला ते म्हणतात तुमचं कंपोस्ट कच्चं, कंपोस्टवाले म्हणतात स्पॉन जुना. मी मधे. हा ला फ्रान्स असेल का?

तंतुमय

दादा, नुसत्या वर्णनावरून मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिली चौकशी हवेची करा. खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला की बटण मशरूमचा दांडा लांबतो आणि टोपी बारीक राहते, त्यात व्हायरसचा काही संबंध नसतो. पावसाळ्यात दारं बंद ठेवली होती का? पंखा किती वेळ चालू होता? हवा खेळती करूनही पुढच्या तोड्यात तेच दिसलं आणि मोकळे पट्टे वाढत गेले, तर संशयाला जागा आहे.

व्हायरस असेल तर तो बीजाणूंतून पसरतो. टोपीखालचा पडदा फाटून मशरूम उघडलं की बीजाणू उडतात आणि नव्या बेडवरच्या तंतूंशी जुळतात. म्हणून रोग असलेल्या खोलीत मशरूम उघडायच्या आत काढायचं, विकायचं नसलं तरी. पीक संपल्यावर बेड बाहेर काढण्याआधी खोलीत वाफ देऊन बेडसकट सुमारे 70 अंशांवर बारा तास ठेवतात. लाकडी फळ्यांत जुने तंतू दडून राहतात, त्यांना विसरू नका.

खात्री हवी असेल तर मशरूममधला दुपदरी आरएनए वेगळा काढून जेलवर चालवतात. निरोगी नमुन्यात नसलेले पट्टे दिसले की कळतं. प्रशिक्षण घेतलंत तिथेच आधी विचारा, नमुना कसा आणि कुठे द्यायचा ते सांगतील.

मुळशीची_धिंगरी

दारं बंदच होती. पंख्याला टायमर लावलाय, तो लाइट गेली की पुन्हा सुरू होत नाही. आज बघतो. आणि धिंगरीला हा त्रास नाही ना?

तंतुमय

तोच व्हायरस नाही, पण धिंगरीचे स्वतःचे आहेत. कोरियात तिच्यात एकपदरी आरएनएचा गोल कणांचा व्हायरस मिळाला होता, पीक बसण्याच्या रोगात. निम्मं-अर्धं पीक बिघडलं तरी धिंगरीवाले बहुतेक वेळा ज्यावर ती वाढवतात त्या भुशालाच दोष देतात.

पेठी_शंका

शीर्षकात 'उसन्या कवचात राहणारे' म्हटलंय. दोनशे ओळी झाल्या, ते अजून आलेले नाहीत.

तंतुमय

आले आले.

पहिलं उदाहरण त्याच यीस्टमधलं. 1963 मध्ये बेव्हन आणि मॅकोवर यांनी शेजारच्या यीस्टला मारणारं यीस्ट दाखवलं, किलर यीस्ट. विष बनवतो एम नावाचा दुपदरी आरएनए. त्याला ना स्वतःचं कवच, ना पॉलिमरेज. तो एल-एच्या कवचात बसतो आणि एल-एच्याच एन्झाइमने वाढतो. यीस्ट मात्र खूश, कारण ज्याच्याकडे एम आहे त्याला त्या विषाची बाधा होत नाही. 2011 मध्ये लक्षात आलं की या यीस्टने दुपदरी आरएनए कापणारी यंत्रणाच गमावलेली आहे. ती परत बसवली तर किलरपणा जातो. व्हायरसविरुद्धचं शस्त्र टाकून शेजाऱ्याविरुद्धचं घेतलं असा हा हिशेब.

दुसरं जपानमधलं, 2016 चं. फळझाडांची मुळं कुजवणाऱ्या रोझेलिनिया बुरशीत एकपदरी आरएनएचा बिनकवचाचा यादोकारी व्हायरस. त्याच्याकडे पॉलिमरेज आहे, कवच नाही. तो शेजारच्या संपूर्ण वेगळ्या घराण्यातल्या दुपदरी व्हायरसच्या कवचात आपला आरएनए आणि पॉलिमरेज दोन्ही घालतो आणि तिथे दुपदऱ्यासारखा संसार करतो.

आणि धड इकडचे ना तिकडचे असेही आहेत. माणसाच्या फुप्फुसात वाढू शकणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये 2015 मध्ये चार तुकड्यांचा एक व्हायरस मिळाला. गोल कवच नाही, आरएनएवर नुसता प्रथिनाचा लेप. त्याचा शुद्ध केलेला आरएनए एकटासुद्धा संसर्ग करतो. चहाच्या झाडावर रोग पाडणाऱ्या बुरशीतला त्याचा भाऊबंद लांब दोऱ्यासारखा दिसतो. 2023 मध्ये तर ॲम्बीव्हायरसचं कोडं उलगडलं. आरएनए व्हिरॉइडसारखा (व्हिरॉइड म्हणजे वनस्पतींना रोग पाडणारा नुसता उघडा आरएनए) गोल, स्वतःला कापणारा, आणि तरी व्हायरसचं पॉलिमरेज बाळगणारा. वर्गीकरणवाल्यांची झोप उडवायला एवढं पुरे.

सुरभी_एमएस्सी

माझं आवडतं राहिलं, म्हणून टाकते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम जमिनीत एक गवत उगवतं. त्याच्या आत कर्व्ह्युलारिया बुरशी, बुरशीच्या आत व्हायरस. तिघं एकत्र असले तर 65 अंशांच्या मातीतही गवत तग धरतं. नुसतं गवत किंवा नुसती बुरशी 38 च्या वर टिकत नाही. बुरशीतून व्हायरस काढून टाकला तर गवताची ताकद जाते, परत घातला तर परत येते. 2007 चं काम आहे. अवांतर: आम्ही प्रॅक्टिकलला तंतूचं अगदी टोक कापून नव्या प्लेटवर वाढवतो, कधीकधी तेवढ्यानेच व्हायरस सुटतो. कधी अजिबात नाही.

निगडीचे_काका

अशी बुरशी पुण्यात जपून ठेवलेली असते का कुठे? की संशोधकाबरोबर तीही रिटायर?

तंतुमय

असते, काका. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा वेगळा. त्या नळ्यांमधल्या कितींच्या आत व्हायरस बसलेत, ते एकेक नळी तपासल्याशिवाय कळणार नाही. जीनोम वाचणं स्वस्त झाल्यापासून जगभर जुने संग्रह याच कारणाने पुन्हा उघडले जातायत. एखाद्या विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

पेठी_शंका

शेवटची शंका. असा व्हायरसवाला मशरूम खाल्ला तर?

तंतुमय

काही होत नाही. बुरशीचे व्हायरस माणसाला होत नाहीत. तुमच्या ब्रेडच्या यीस्टमध्येही ते असू शकतात.

मुळशीची_धिंगरी

पंखा दुरुस्त केला, आता पुढच्या तोड्याची वाट बघतो. ताई, ती लायकोरिएला म्हणजे आमच्या क्रेटवर घोंघावणारी काळी बारीक माशीच ना? ती आमचा व्हायरसही नेत असेल का?

तंतुमय

त्याच कुळातली असणार, मशरूमच्या खोल्यांमधली ती जुनी गिऱ्हाईक आहे. तिने वाहिलेला तो व्हायरस स्क्लेरोटिनियाचा, तुमच्या बटणाचा नाही. पण दुसऱ्या बुरशींचे बीजाणू ती पायाला लावून एका क्रेटवरून दुसऱ्यावर नेते, शिवाय अळ्या तंतू खातात. तेव्हा पिवळे चिकट सापळे आणि खिडकीला बारीक जाळी लावाच. दाराच्या फटीला ब्रश पट्टी मिळते, तीही बघा. आणि पुढचा तोडा कसा आला ते इथेच लिहा.